बंदुकीचा इतिहास वाचायचा तर आधी दारूचा वाचा

प्रश्न असा आहे: बंदुकीचा इतिहास नीट वाचायचा आहे, पण हाती लागणाऱ्या पुस्तकांत एक तर मॉडेलांची नावं, नळीचे व्यास आणि सनावळ्या असतात, नाही तर लढायांची वर्णनं. दोन्ही वाचूनही पहिल्या नळीपासून आजच्या रायफलीपर्यंतचा धागा सापडत नाही. तर कोणती पुस्तकं घ्यावीत आणि कोणत्या क्रमाने?

जुन्या बंदुका जतन करणं आणि त्यांची नोंद करणं हे माझं सत्तावीस वर्षांचं काम आहे. गंज उतरवणं, चिरलेला दस्ता सांधणं, घोड्याची यंत्रणा खोलून तिचं रेखाटन करणं, आणि मग ‘ही वस्तू काय आहे’ याच्या चार ओळी लिहिणं. त्या चार ओळींसाठी किती वाचावं लागतं ते या कामातच कळलं. तुम्हाला धागा सापडत नाही याचं कारणही मला त्यातच सापडलं. या विषयावरची पुस्तकं दोन घरांतून येतात. एक घर संग्राहकांचं, कारागिरांचं, वस्तुसंग्रहालयातल्या लोकांचं. त्यांनी बंदूक खोलून पाहिलेली असते, पण ती कुणी आणि का विकत घेतली, तिच्या दारूसाठी लागणारा सोरा हा क्षार कुठून आला, हे ते क्वचित सांगतात. दुसरं घर इतिहासकारांचं. त्यांना दप्तरं, पत्रं, हिशेब वाचता येतात, पण ‘मस्केट’ (पायदळाची जुनी लांब बंदूक) हा शब्द लिहिताना नेमकी कोणती वस्तू डोळ्यांपुढे आहे हे त्यांच्याही मनात कधी कधी स्पष्ट नसतं. या दोन घरांचं एकमेकांकडे येणं-जाणं फार कमी. म्हणून दोन्हीकडची पुस्तकं जोडीजोडीने वाचणं हे काम वाचकालाच करावं लागतं. पुढे जे सुचवतो आहे ते सगळं यावरच बेतलेलं आहे.

हे मला एका चुकीमुळे पटलं. सुरुवातीच्या वर्षांत माझ्यापुढे ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू-गोळी भरायची, एक लांब बंदूक आली. तिला केप, म्हणजे आघाताने पेटणारं रसायन भरलेली छोटी टोपी, लावायची सोय होती: घोडा केपावर आपटला की ठिणगी आत जाणार. अलेक्झांडर फोर्साइथ यांनी आघाताने पेटणाऱ्या रसायनाचं पेटंट १८०७ मध्ये घेतलं आणि केप त्यानंतर रूढ झाली, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तेवढ्यावर मी नोंद केली: एकोणिसाव्या शतकाचा मध्य. दोन वर्षांनी ती दुरुस्तीसाठी खोलली तेव्हा यंत्रणेच्या पट्टीवर बुजवलेली भोकं दिसली. जिथे पूर्वी रंजकाची, म्हणजे पेटवणीच्या दारूची, वाटी आणि पोलादी झाकणाची कमान बसवलेली होती, तिथली ती भोकं होती. बंदूक मुळात चकमकीची, म्हणजे गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडणारी, होती. नंतर कुणीतरी वाटी काढून, नळीच्या कानात केपाचा खुंट बसवून ती नव्या पद्धतीची करून घेतली होती. वय निदान दोन पिढ्यांनी मागे गेलं. पुस्तकातलं साल खरं होतं, वस्तूही खरी होती. दोन्ही एकत्र कशी वाचायची एवढंच मला येत नव्हतं. जगभर अशा लाखो बंदुका बदलून घेतल्या गेल्या, कारण नळी आणि लाकूड महाग होतं आणि यंत्रणा बदलणं त्या मानाने स्वस्त.

आता पुस्तकं. पहिलं पुस्तक बंदुकीवरचं घेऊच नका, दारूवरचं घ्या. आपण ज्याला बंदुकीची दारू म्हणतो ते सोरा, गंधक आणि कोळसा यांचं मिश्रण सुमारे हजार वर्षं या सगळ्या इतिहासाच्या मुळाशी आहे. नळी किती लांब असावी, भिंत किती जाड असावी, गोळा दगडाचा की लोखंडाचा, हे सगळं दारू काय करते त्यावर ठरत गेलं. हलक्या हाताने सुरुवात करायची तर जॅक केली यांचं ‘गनपावडर’ (२००४) चांगलं आहे. आठवड्याभरात वाचून होतं, गोष्टीसारखं पुढे सरकतं आणि चीनपासून एकोणिसाव्या शतकापर्यंतचा आराखडा मनात बसवतं. त्यातल्या एखाद्या गोष्टीवर कुणाशी वाद घालायला मात्र जाऊ नका. तेवढं वजन ते पुस्तक उचलत नाही, आणि त्याने तसा दावाही केलेला नाही.

त्यापाठोपाठ डेव्हिड क्रेसी यांचं ‘सॉल्टपीटर: द मदर ऑफ गनपावडर’ (२०१३) वाचा. फक्त सोऱ्यावर एक पुस्तक, हे ऐकून कंटाळवाणं वाटेल, पण बंदुकीमागे राज्यसत्ता कशी उभी असते हे मला याच पुस्तकाने शिकवलं. सोरा मलमूत्र मुरलेल्या मातीत तयार होतो. त्यामुळे इंग्लंडमध्ये राजाच्या नावाने सोरा खणणारे लोक घरांच्या, तबेल्यांच्या, कबुतरखान्यांच्या जमिनी उकरत फिरत, आणि घरमालकाला ‘नाही’ म्हणण्याची सोय नसे. लोकांचा संताप, तक्रारी, संसदेतले वाद हे सगळं त्या पुस्तकात आहे. मग सतराव्या शतकात बिहारचा सोरा पाटण्याहून डच आणि इंग्रज कंपन्यांच्या जहाजांतून युरोपात जाऊ लागला आणि घरांच्या जमिनी उकरणं हळूहळू संपलं. एका खंडातल्या घराची जमीन आणि दुसऱ्या खंडातला व्यापार यांचा असा थेट संबंध बंदुकांच्या सचित्र कोशात तुम्हाला कधीच सापडणार नाही.

दारू साठवण्याचा प्रश्नही इथेच समजून घ्या. सोरा शुद्ध नसेल तर दारू ओल धरते आणि ऐन वेळी पेटत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखाना राहत्या घरांपासून दूर असावा आणि दारू वेळोवेळी बाहेर काढून उन्हाला द्यावी अशी जी ताकीद आहे, ती वाचताना हे रसायन माहीत असलं की ते कलम जिवंत होतं.

यानंतर बर्ट हॉल यांचं ‘वेपन्स अँड वॉरफेअर इन रेनेसाँ युरोप’ (१९९७). एकच पुस्तक निवडा असं कुणी मला बजावलं तर मी हे निवडेन. वर सांगितलेली दोन्ही घरं या माणसाने एका छपराखाली आणली आहेत. हॉल विचारतात की चौदाव्या शतकात युरोपात तोफा आल्या, मग त्यांनी लढाई बदलायला शंभर-दीडशे वर्षं का घेतली? त्यांचं उत्तर दारूपासून सुरू होतं. सोरा स्वस्त होत गेला. मग पिठासारखी बारीक दारू ओली करून तिचे दाणे पाडायची रीत आली. दाण्यांमध्ये हवेला जागा राहते, त्यामुळे ज्वाला सगळ्या भरण्यातून झपाट्याने फिरते आणि तीच दारू जास्त जोर करते. हा जोर छोट्या नळीलाही उपयोगी पडला, आणि हातात धरायची बंदूक खऱ्या अर्थाने कामाची झाली.

याच पुस्तकात ऑस्ट्रियातल्या ग्राट्झ शहरातल्या चाचण्यांचा उपयोग केलेला आहे. तिथल्या जुन्या शस्त्रागारात सोळाव्या ते अठराव्या शतकातल्या बंदुका मोठ्या संख्येने जशाच्या तशा टिकल्या आहेत. १९८८-८९ मध्ये त्यातल्या काही खऱ्या बंदुका, नकला नव्हेत, पक्क्या बैठकीवर बसवून उडवल्या गेल्या. नळीतून बाहेर पडताना गोळीचा वेग सरासरी सेकंदाला साडेचारशे मीटरच्या आसपास भरला, म्हणजे आवाजाच्या वेगाहून बराच जास्त. पण गोल गोळी हवेत हा वेग फार लवकर गमावते आणि नळीत आपटत येताना तिला जी अनियमित गिरकी मिळते तिच्यामुळे ती वाट सोडून भरकटते. बैठक पक्की असूनही निशाणं विखुरलीच. याचा अर्थ, सैनिकाचा नेम कितीही चांगला असला तरी गुळगुळीत नळीच्या बंदुकीने लांबचा एकटा माणूस टिपणं हा बराचसा नशिबाचा भाग होता. हे एकदा समजलं की रांगा, एकदम गोळीबार, जवळून मारा, कवायत, या सगळ्याचा उलगडा आपोआप होतो. ‘जुन्या काळचे सेनापती माणसं रांगेत उभी करून मारवत, त्यांना अक्कल नव्हती’ असं जे सर्रास ऐकू येतं, ते हॉल वाचल्यावर पुन्हा कुणी म्हणणार नाही.

जे. आर. पार्टिंग्टन यांचं ‘अ हिस्टरी ऑफ ग्रीक फायर अँड गनपावडर’ (१९६०) आणि जोसेफ नीडहॅम यांच्या चीनच्या विज्ञानावरच्या महाप्रकल्पातला पाचव्या खंडाचा सातवा भाग, ‘द गनपावडर एपिक’ (१९८६), ही दोन पुस्तकं सलग वाचू नका. ती शेजारी ठेवायची आहेत. पार्टिंग्टन रसायनशास्त्रज्ञ होते आणि जुन्या ग्रंथातलं ‘अग्नी’ किंवा ‘तेल’ म्हणजे नेमकं काय हे ते पदार्थापर्यंत जाऊन तपासतात. बर्थोल्ड श्वार्त्झ नावाच्या जर्मन साधूने दारू शोधली ही दंतकथा किंवा रॉजर बेकन या मध्ययुगीन इंग्रज विद्वानाने दारूची कृती सांकेतिक भाषेत लिहिली ही कथा तिथे कशी विरघळते ते पाहण्यासारखं आहे. आपल्याकडे शुक्रनीती या संस्कृत ग्रंथातल्या नालिकेच्या (नळीच्या शस्त्राच्या) आणि अग्निचूर्णाच्या (दारूच्या) श्लोकांवरून प्राचीन काळीच इथे बंदुका होत्या असं आजही सांगितलं जातं. गुस्टाव ओपर्ट यांनी १८८० मध्ये ते मत मांडलं होतं. ते श्लोक फार उशिराचे आहेत असं नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं. कोणत्याही देशाच्या ‘आमच्याकडे आधी होतं’ या दाव्यापाशी थांबायची सवय पार्टिंग्टन लावतात, आणि या विषयात तिच्याइतकी उपयोगी सवय दुसरी नाही.

नीडहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिनी पुरावा एकत्र मांडला. १०४४ सालच्या ‘वूजिंग झोंगयाओ’ या लष्करी ग्रंथातल्या दारूच्या कृती, ११३२ मधल्या दे’आनच्या वेढ्यातले अग्निभाले, म्हणजे भाल्याला बांधलेली आग ओकणारी नळी, तिथून बांबूऐवजी धातूची नळी, आणि हेइलोंगजियांग प्रांतात सापडलेली सुमारे १२८८ ची कांस्याची हातनळी. युरोपातलं सर्वांत जुनं चित्र १३२६ चं, वॉल्टर डी मिलमीट यांच्या हस्तलिखितातलं: फुलदाणीसारखी तोफ आणि तिच्या तोंडात बाण. हे दोन पुरावे शेजारी ठेवले की शोध कुठे लागला हा वाद उरत नाही. मात्र नीडहॅम काही शिल्पांचा आणि चित्रांचा अर्थ जरा उत्साहाने लावतात. दाझूच्या लेण्यातली ११२८ ची जी मूर्ती तोफ धरून आहे असं मानलं गेलं, तिच्याविषयी सगळे एकमत नाहीत. तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून पुढे जा.

मग जगाच्या नकाशाकडे वळा. दारू चीनमध्ये जन्मली, तरी बंदुकीत युरोप पुढे का गेला? यावर केनेथ चेस यांचं ‘फायरआर्म्स: अ ग्लोबल हिस्टरी टू १७००’ (२००३) आणि टोनिओ आंद्राद यांचं ‘द गनपावडर एज’ (२०१६) ही जोडी वाचावी, आणि लागोपाठ वाचावी. चेस यांचं म्हणणं असं की सुरुवातीच्या बंदुका जड होत्या, सावकाश भरल्या जात, आणि घोड्यावरून त्यांचा उपयोग जवळजवळ नव्हता. ज्यांचा मुख्य शत्रू गवताळ प्रदेशातला भटका घोडेस्वार होता त्यांना त्या काय कामाच्या? म्हणून चीन, इराण असे देश त्यांच्यामागे तितके लागले नाहीत. ज्यांची लढाई पायदळाशी आणि किल्ल्यांशी होती, त्या पश्चिम युरोपाने आणि जपानने बंदूक घडवत नेली. आंद्राद वेगळीकडे बोट दाखवतात. चिनी शहरांच्या तटाची कुटलेल्या मातीची भिंत इतकी रुंद असायची की तिच्यावर मोठी तोफ डागून काही उपयोग नव्हता, त्यामुळे मोठ्या तोफा विकसित करायला कुणाला कारणच नव्हतं. शिवाय चीन सतत मागे होता हे ते मान्य करत नाहीत. अठराव्या शतकापर्यंत बराच काळ बरोबरी होती, आणि खरी दरी त्यानंतर पडली. माझं मत आंद्राद यांच्याकडे झुकतं, कारण ते बंदुका, तट आणि कवायतीची पुस्तकं तिन्ही एकत्र पाहतात. पण चेस यांच्या इतका स्वच्छ प्रश्न दुसऱ्या कुणी मांडलेला नाही, म्हणून आधी चेस.

‘लष्करी क्रांती’, म्हणजे बंदुकांच्या काळात युद्ध आणि त्याबरोबर राज्यंही मुळापासून बदलली हे म्हणणं, तुम्हाला पावलोपावली भेटेल. मायकेल रॉबर्ट्स यांनी ते १९५५ मध्ये बेलफास्टच्या एका व्याख्यानात मांडला, जेफ्री पार्कर यांनी १९८८ च्या ‘द मिलिटरी रेव्होल्यूशन’ मध्ये जगभर पसरवलं, आणि क्लिफर्ड रॉजर्स यांनी १९९५ मध्ये त्यावरचे लेख एकत्र केले. पार्कर वाचा, रॉजर्स यांच्या संग्रहातले तीन-चार लेख वाचा आणि हा वाद तिथेच सोडा. तो चालूच राहणार आहे.

नोएल पेरिन यांचं ‘गिव्हिंग अप द गन’ (१९७९) मात्र अनेक जण पहिलं पुस्तक म्हणून सुचवतात, आणि ते मला खरोखर खटकतं. छोटं, सुंदर लिहिलेलं पुस्तक आहे. १५४३ मध्ये पोर्तुगीजांबरोबर तानेगाशिमा बेटावर बंदूक आली, जपानने ती पोटभर वापरली, आणि मग तलवारीच्या प्रेमापोटी सोडून दिली, अशी त्याची मांडणी. वाचणाऱ्याला ती फार आवडते. पण जपानने बंदूक सोडली नव्हती. शांतता आली, लढाया थांबल्या, म्हणून मागणी घटली. संस्थानिकांच्या कोठारांत बंदुका होत्या आणि खेड्यांत पिकांवर येणारी जनावरं हाकलायला शेतकरी त्या वापरत होते. १५७५ च्या नागाशिनोच्या लढाईतली ‘तीन हजार बंदुका, तीन रांगा, आळीपाळीने मारा’ ही प्रसिद्ध गोष्टही अशीच तपासून घ्यावी लागते. ती लढाई जिंकणाऱ्या ओदा नोबुनागाच्या चाकरीत राहिलेल्या ओता ग्यूइची यांच्या बखरीत तीन रांगांचा उल्लेख नाही. तो ओझे होआन यांच्या नंतरच्या, रंगवून लिहिलेल्या बखरीतून आला, आणि तिथून पुस्तकामागून पुस्तकात उतरत गेला. पेरिन वाचायचेच असतील तर सगळ्यात शेवटी वाचा. तोवर त्यांच्या युक्तिवादाला कुठे टाके कमी पडलेत ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

तुर्की तोफखान्यासाठी गाबोर आगोश्टोन यांचं ‘गन्स फॉर द सुलतान’ (२००५) घ्या. तुर्क फक्त अवाढव्य तोफांच्या मागे लागले आणि मागे पडले, ही समजूत त्यांनी तोफखान्याच्या हिशेबवह्या काढून खोडली. ओतलेल्या तोफांत लहान आणि मध्यम तोफाच फार होत्या. डेव्हिड आयालॉन यांचं इजिप्तच्या मामलुक राज्यकर्त्यांवरचं १९५६ चं पुस्तक जुनं झालं आहे आणि त्याच्या निष्कर्षाला बरेच आक्षेप आहेत. तरी घोडेस्वारीला धर्म मानणारा सरदारवर्ग बंदुकीकडे कसा पाहतो हे त्यांच्याइतकं बारकाईने कुणी लिहिलेलं नाही. भारतासाठी इक्तिदार आलम खान यांचं ‘गनपावडर अँड फायरआर्म्स: वॉरफेअर इन मीडिएव्हल इंडिया’ (२००४) हेच मुख्य पुस्तक. त्याच्यासोबत रॉबर्ट एल्गुड यांचं इस्लामी जगातल्या बंदुकांवरचं १९९५ चं पुस्तक ठेवा, म्हणजे कागदाशेजारी वस्तू येते.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. मूळ साधनं वाचायला घाबरू नका. ती अभ्यासकांच्या पुस्तकांपेक्षा बरेचदा सोपी असतात. बाबरनाम्यात आग्र्याला १५२६ मध्ये तोफ ओतल्याचा प्रसंग आहे. उस्ताद अली कुलीने साच्याभोवती आठ भट्ट्या रचल्या. भट्ट्यांची तोंडं उघडली, धातू पाण्यासारखा साच्यात वाहू लागला, आणि साचा भरण्याआधीच धार आटत गेली. उस्तादाची अवस्था इतकी वाईट झाली की तो त्या वितळलेल्या धातूत स्वतःला झोकून द्यायला निघाला. बाबराने त्याला समजावलं, मानाचा पोशाख दिला. एक-दोन दिवसांनी साचा थंड झाल्यावर उघडला तर गोळ्याची नळी निर्दोष निघाली होती, आणि दारूचा कप्पा वेगळा करून जोडता येणार होता. ओतकामातला धोका, कारागिराची इज्जत आणि राजाला त्या कलेची असलेली जाण, हे सगळं एका पानात येतं. ॲनेट बेव्हरिज यांचं १९२२ चं इंग्रजी भाषांतर सहज मिळतं.

ऐन-इ-अकबरीतलं बंदुकांवरचं प्रकरणही असंच. अबुल फजल सांगतो की लोखंडाची पट्टी चपटी करून कागदाच्या सुरळीसारखी तिरकी गुंडाळतात, कडेला कड न जोडता पदरावर पदर चढवतात आणि हळूहळू तापवून एकजीव करतात. अशी पीळ दिलेली नळी मी हातात घेतलेली आहे. गंज उतरवल्यावर तिच्या अंगावर तिरक्या रेषा स्पष्ट दिसतात, आणि सोळाव्या शतकातलं ते वाक्य डोळ्यांपुढे उभं राहतं. नळीला कडेला कड जोडून सरळ सांधा दिला तर दारूचा सगळा ताण त्या एका रेषेवर येतो आणि नळी तिथेच उकलते. पीळ दिल्यावर ताण वाटला जातो. त्याच प्रकरणात तोड्याशिवाय, म्हणजे जळत्या वातीशिवाय, नुसत्या चापाच्या हालचालीने उडणाऱ्या बंदुकांचं एक वाक्य आहे, आणि त्यावरून ती चाकाची (फिरत्या पोलादी चाकाने ठिणगी पाडणारी) यंत्रणा होती की आणखी काही, असा वाद अजून चालतो.

युरोपकडून एक चित्रांचं पुस्तक जोडा: याकोब द गेन यांचं १६०७ मधलं शस्त्र-कवायतीचं पुस्तक. तोड्याची बंदूक भरण्याची एकेक कृती एकेका चित्रात आहे. रंजक फुंकून टाकणं, तोडा डाव्या बोटांत धरणं, गजाने ठासणं. जळता तोडा आणि उघडी दारू एकाच माणसाच्या अंगावर असताना हात चुकला तर काय होईल, हे ती चित्रं पाहून लगेच समजतं. कवायत ही शिस्तीआधी जीव वाचवण्याची सोय होती.

यंत्रणांसाठी टॉर्स्टन लेंक यांचं ‘द फ्लिंटलॉक’ घ्या. मूळ स्वीडिशमध्ये १९३९ चं, इंग्रजीत १९६५ मध्ये आलं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये लिझ्यूच्या कारागिरांच्या हातून, मारँ ल बुर्ज्वा यांच्या भोवती, खरी चकमक-यंत्रणा कशी आकाराला आली हे त्यांनी प्रत्यक्ष नमुने आणि राजाच्या शस्त्रसंग्रहाची यादी पडताळून दाखवलं. हॉवर्ड ब्लॅकमोर यांचं ब्रिटिश लष्करी बंदुकांवरचं १९६१ चं पुस्तक अजूनही माझ्या टेबलावर असतं. बर्मिंगहॅमचे बंदूककार डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांच्या ‘द गन अँड इट्स डेव्हलपमेंट’ (पहिली आवृत्ती १८८१, नववी १९१०) मधली प्राचीन इतिहासाची पानं सोडून द्या, आणि स्वतःच्या कारखान्याच्या मालाबद्दलचं कौतुक हातचं राखून घ्या. नळी घडवणं, भोक पाडणं, दस्ता बसवणं यावर मात्र या माणसाने जे लिहिलं आहे ते धंद्यात हात काळे केलेल्याचं आहे.

कारखान्याचा इतिहास बहुतेक वाचक वगळतात. तो वगळू नका. मेरिट रो स्मिथ यांचं अमेरिकेतल्या हार्पर्स फेरीच्या शस्त्रकारखान्यावरचं १९७७ चं पुस्तक मी तीनदा वाचलं आहे. जॉन हॉल यांनी तिथे १८२० च्या दशकात एका बंदुकीचा भाग दुसरीत चपखल बसेल इतक्या अचूकतेने रायफली बनवल्या. त्याच गावात बाकीचे कारागीर आपली जुनी कामाची रीत सोडायला तयार नव्हते, आणि १८३० मध्ये शिस्त लादणाऱ्या अधीक्षकाला एका कारागिराने गोळी घालून मारलं. अदलाबदल करता येणारे सुटे भाग एलाय व्हिटनी या अमेरिकन कारखानदाराने शोधले ही शाळेतली कथा १९६० नंतर टिकली नाही. व्हिटनी यांच्या बंदुका तपासल्यावर भाग अदलाबदल होत नाहीत असं दिसलं. वस्तू खोलून कागदाला दुरुस्त केल्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. फ्रान्समध्ये ओनोरे ब्लाँ यांनी हेच त्याआधी करून दाखवलं होतं आणि क्रांतीनंतरच्या राजकारणात ते का बुडालं, ते केन आल्डर यांच्या ‘इंजिनिअरिंग द रेव्होल्यूशन’ (१९९७) मध्ये आहे. प्रिया सातिया यांचं ‘एम्पायर ऑफ गन्स’ (२०१८) ब्रिटनच्या औद्योगिक क्रांतीत बंदुकीच्या सरकारी मागणीचा वाटा किती होता ते मांडतं. शांततेचा पंथ मानणारं बर्मिंगहॅमचं क्वेकर गॅल्टन कुटुंब बंदुका बनवत होतं आणि १७९५ मध्ये पंथाने त्यांना जाब विचारला. त्यावर सॅम्युअल गॅल्टन यांनी दिलेलं उत्तर असं होतं की या शहरात युद्धाशी ज्याचा संबंध नाही असा धंदाच कुठे आहे. पुस्तकाचा शेवटचा भाग थोडा लांबला आहे, पण गॅल्टनची प्रकरणं चुकवू नका.

एकोणिसाव्या शतकापासून पुढे पुस्तकांचा पूर येतो. मी तिथे तीनच सांगतो. अर्ल हेस यांचं ‘द रायफल मस्केट इन सिव्हिल वॉर कॉम्बॅट’ (२००८) हे पहिलं. नळीत पिळदार खाचा आणि मिनिए गोळी (उडताना फुगून खाचांत घट्ट बसणारी निमुळती गोळी) आली की लढाईचं अंतर कित्येक पटींनी वाढलं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. हेस दाखवतात की अमेरिकेच्या यादवी युद्धात प्रत्यक्ष गोळीबार पूर्वीच्या बंदुकांइतक्याच अंतरावरून होत राहिला. गोळी उंच कमानीत जाते, अंतराचा अंदाज चुकला की ती डोक्यावरून निघून जाते, आणि सैनिकांना अंतर ओळखण्याचं शिक्षण जवळजवळ नव्हतं. दुसरं, जॉन एलिस यांचं मशीनगनच्या सामाजिक इतिहासावरचं १९७५ चं पुस्तक. मॅक्सिम यांची स्वयंचलित मशीनगन १८८४ ची. वसाहतींत १८९८ च्या सुदानमधल्या ओमदुर्मानसारख्या लढायांत ती बिनदिक्कत वापरली गेली, पण युरोपातल्या अधिकाऱ्यांनी आपसातल्या युद्धासाठी तिचा विचार करायला वेळ लावला, असं ते म्हणतात. अधिकारी इतके आंधळे नव्हते असा आक्षेप त्यावर आहे, आणि तो रास्त आहे. तरी त्यातला वसाहतींचा भाग वाचून मला काही दिवस काम सुचलं नव्हतं. तिसरं, सी. जे. चायव्हर्स यांचं ‘द गन’ (२०१०), कलाश्निकोव्हवरचं. एका हुशार सार्जंटने एकट्याने बंदूक शोधली ही सोव्हिएत कथा बाजूला सारून त्यामागची सरकारी स्पर्धा, अनेक हात, आणि मग गोदामांतून जगभर झालेला प्रसार ते दाखवतात. लेखक स्वतः सैन्यात होते आणि नंतर युद्धवार्ताहर झाले, त्यामुळे जखमांबद्दल ते मोघम बोलत नाहीत.

क्रम विचारला होता. केली, क्रेसी, हॉल. मग चेस आणि आंद्राद. मग खान आणि एल्गुड, सोबत बाबरनामा आणि ऐन. नंतर लेंक, स्मिथ, हेस, चायव्हर्स. बाकीची लागतील तशी. वर्षभर पुरेल. आणि हॉल यांचं पुस्तक हातात असतानाच एखाद्या संग्रहालयात जाऊन चकमकीची एक बंदूक डाव्या अंगाने पाहा. काचेच्या पेटीत ती नेहमी उजवी बाजू दिसेल अशी ठेवलेली असते, कारण देखणी यंत्रणा तिकडे असते. जमलं तर वाकून डावीकडून बघा: स्क्रूंची डोकी झिजलेली आहेत का, लाकडात जुन्या पट्टीचा ठसा आहे का, नळीच्या बुडाशी ठोकलेला शिक्का दिसतो का. जे दिसेल त्याचं वहीत रेखाटन करा, चित्रकला येत नसली तरी. घरी येऊन ब्लॅकमोर किंवा लेंक उघडा आणि रेखाटनाशेजारी पुस्तकातली आकृती ठेवा.